नांगर, निवडुंग आणि माणसं

फायनल इयर जवळ आलं की होस्टेलात एक शब्द फार कानावर पडतो : नेटवर्किंग. सीनियर सांगतात, गेस्ट लेक्चरला आलेले पाहुणे सांगतात, प्लेसमेंटचे सर तर सांगतातच. ओळखी वाढवा, कार्ड घ्या, नंबर जपून ठेवा, कधी कोण उपयोगी पडेल सांगता येत नाही. सल्ला काही खोटा नाही. पण त्यातलं ते 'उपयोगी पडेल' मला दर वेळी खटकतं. समोरच्या माणसाकडे पहिल्याच भेटीत पान्ह्यासारखं बघायचं, हा कुठला नट सोडवायला कामाला येईल म्हणून, असं काहीतरी त्यात वाटतं.

म्हणून यंदाच्या अंकासाठी लक्ष्मणराव किर्लोस्करांवर लिहायचं ठरवलं. हायड्रॉलिक्सच्या लॅबमध्ये पंपाच्या पाटीवर हे आडनाव आपण वाचतो आणि रीडिंग घेऊन पुढे जातो. त्यांची गोष्ट बहुतेक वेळा शाळेच्या धड्याच्या थाटात सांगितली जाते. आधी अडचणी, मग जिद्द, मग यश. मला मात्र त्यांचं आयुष्य वाचताना वेगळीच गोष्ट दिसत राहिली. जवळजवळ प्रत्येक वळणावर तिथे कोणीतरी माणूस उभा आहे. कधी भाऊ, कधी राजा, कधी शिक्षा भोगून आलेला दरोडेखोर. आणि यातल्या एकालाही लक्ष्मणरावांनी त्या वळणाचा हिशोब करून जोडलेलं दिसत नाही.

२० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर या गावी त्यांचा जन्म झाला. (संगीत नाटकवाले अण्णासाहेब किर्लोस्करही याच गावचे. एका लहानशा गावाने मराठी माणसाला रंगभूमी आणि कारखाना दोन्ही द्यावं, हे मला फार आवडतं.) वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक. मुलानेही पोथ्या वाचाव्यात अशी घरची आणि समाजाची अपेक्षा. मुलाचं लक्ष मात्र दोनच गोष्टींत : चित्रं आणि यंत्रं. वडिलांची इच्छा नसताना १८८५ साली तो मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला. पैसे पुरवले थोरल्या भावाने, रामूअण्णांनी. हे नाव लक्षात ठेवा, ते पुढेही येणार आहे.

दोन वर्षं गेली आणि लक्षात आलं की या मुलाला काही रंग नीट ओळखताच येत नाहीत. चित्रकाराला रंगांधळेपणा! आपल्याकडे एखाद्याला दोन वर्षांनी कळलं की ब्रँच चुकली, तर तो महिनाभर मेसमध्ये जेवत नाही. लक्ष्मणरावांनी चित्रकला सोडली, पण रेघ सोडली नाही. यंत्रांच्या रेखाटनात रंग लागत नाहीत, पांढऱ्यावर काळी रेघ पुरते. त्यांनी यांत्रिक ड्रॉइंग शिकून घेतलं आणि मुंबईच्याच व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आपल्या व्हीजेटीआयमध्ये, तोच विषय शिकवायला लागले. उरलेला वेळ तिथल्या वर्कशॉपमध्ये यंत्रं हाताळण्यात जायचा. ड्रॉइंगला ज्यांची केटी लागली आहे त्यांनी एवढं ध्यानात घ्यावं की एका मोठ्या उद्योगाचा पाया याच विषयावर आहे.

धंद्याची सुरुवात १८८८ सालची, आणि ती सायकलची. लक्ष्मणराव मुंबईत सायकली घ्यायचे आणि बेळगावला रामूअण्णांकडे पाठवायचे. रामूअण्णा त्या विकायचे, शिवाय पंधरा रुपये घेऊन चालवायला शिकवायचे. यातला शिकवण्याचा भाग मला महत्त्वाचा वाटतो. बेळगावात तेव्हा सायकल ही नवलाची वस्तू. हौसेने विकत घेतलेली सायकल चालवता आली नाही तर ती पडवीत गंजत पडणार आणि बघणारा प्रत्येक जण म्हणणार की बघा, फसला. तीच सायकल घेऊन गिऱ्हाईक ऐटीत बाजारातून गेलं तर दुकानाला वेगळी जाहिरात कशाला हवी? माल विकल्यानंतरही गिऱ्हाइकाजवळ थांबायचं, ही सवय या दोघा भावांना इथेच लागली असावी. बेळगावात आजही एका रस्त्याला किर्लोस्कर रोड म्हणतात.

मुंबईच्या नोकरीत लक्ष्मणरावांची बढती डावलली गेली. त्यांच्या जागी एका अँग्लो इंडियन माणसाला बसवलं. १८९७ मध्ये त्यांनी नोकरी सोडली आणि सरळ बेळगाव गाठलं. आता सायकलीपलीकडे काहीतरी स्वतः बनवायचं होतं. आधी कडबा कापायचं यंत्र केलं. मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लोखंडी नांगर.

इथे जरा थांबतो, कारण माझ्या मते सगळी गोष्ट या नांगरातच आहे.

नांगर तयार झाला आणि कोणी घेईना. एक महिना नाही, दोन महिने नाही. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली. शेतकऱ्यांचं म्हणणं असं की लोखंडाने जमिनीला विष बाधतं, पीक येत नाही. हे वाचून आपल्याला हसू येतं. गंमत म्हणजे जुन्या लाकडी नांगराच्या टोकालाही लोखंडाचाच फाळ असायचा, मग त्याचं विष कसं बाधत नव्हतं? म्हणजे विषाचं कारण हे सांगायचं कारण असणार. मनातलं कारण दुसरं असणार.

माझे आजोबा शेतकरी होते, त्यामुळे मला त्या शेतकऱ्याच्या बाजूने थोडा विचार करता आला. त्या काळी नांगर ही दुकानातून आणायची वस्तूच नव्हती. लाकूड बांधावरच्या बाभळीचं, घडवणारा गावचा सुतार, फाळ ठोकून देणारा गावचा लोहार, आणि मोबदला म्हणजे सुगीला खळ्यावर घालायचं बलुतं. रोकड लागतच नव्हती. नांगर मोडला तर सुतार त्याच दिवशी हातातलं काम टाकून येणार, कारण त्याच्या घरचं वर्षाचं धान्य या शेतावर अवलंबून. आता बेळगावहून रोख पैसे मोजून आणलेला बिडाचा नांगर ऐन नांगरटीत मोडला तर जायचं कोणाकडे? सुताराला ते काम येत नाही, लोहाराकडे ओतशाळा नाही. वर सुतार रुसला तर कुळव, पाभर, गाडीचं चाक यांचं काय? अशा माणसाला विज्ञान समजावून सांगून काय उपयोग? त्याच्या डोक्यात प्रश्न एवढाच की मोडल्यावर कोण येणार. त्याच्याजवळ एक पिढीजात नातं होतं आणि लक्ष्मणरावांची स्पर्धा खरं तर त्या नात्याशी होती.

दुसरी स्पर्धा परदेशी नांगरांची. इंग्लंडच्या रॅन्सम यांनी १८०३ सालीच फाळाची एक युक्ती शोधली होती. मेकॅनिकलवाल्यांना ती आवडेल. फाळ ओतताना त्याची खालची बाजू एकदम थंड करायची. त्यामुळे ती कडक होते, वरची बाजू सावकाश थंड होऊन मऊ राहते. जमिनीत घासताना मऊ बाजू आधी झिजते आणि कडक बाजूची धार आपोआप पुढे येत राहते. म्हणजे फाळ जितका वापरावा तितका धारदार राहतो. अशा मालासमोर बेळगावच्या एका छोट्या कारखान्याला उभं राहायचं होतं. फाळ कडक करावा तर तडकतो, मऊ ठेवावा तर चार दिवसांत झिजतो. मटेरियल सायन्सच्या पेपरात आपण हे दोन मार्कांना लिहितो. शेतकऱ्याच्या लेखी तो पूर्ण हंगामाचा प्रश्न असतो.

दोन वर्षांनी का होईना, नांगर शेतात गेला. आणि मग जे झालं ते जाहिरातीने होण्यासारखं नव्हतं. दख्खनच्या काळ्या रानात हरळी आणि कुंदा ही दोन तणं अशी की वरून कितीही खुरपा, मुळं खाली खोल राहतात आणि पहिल्या पावसात पुन्हा डोकं वर काढतात. लाकडी नांगर माती फक्त चिरतो. लोखंडी नांगराचा पंखा ढेकूळ उलटं करतो, मुळं वर येतात आणि उन्हात वाळून जातात. हा फरक सांगावा लागत नाही, शेजारच्या बांधावर उभं राहिलं तरी दिसतो. शिवाय जड लोखंडी नांगर एका बैलजोडीने ओढत नाही. चार, सहा, कधी आठ बैल लागतात. एवढे बैल एका घरी कुठले? ते इर्जिकीने जमवायचे, म्हणजे शेजाऱ्यांनी आपापले बैल घेऊन यायचं. माझा आपला अंदाज असा की नांगराचा खरा प्रचार इथेच झाला असेल. ज्याने बैल दिले तो दिवसभर त्या नांगरामागे चालला, त्याने तास बघितलं, आणि संध्याकाळी बैल सोडताना किंमत विचारली. आजच्या भाषेत ज्याला रेफरल म्हणतात तो हाच.

पण हे चालायचं तर पहिल्याच्या शेतात नांगर टिकला पाहिजे. एका गावात एक फाळ तडकला तर ती बातमी शेजारच्या पाच गावांत जाणार. तोंडी प्रसिद्धीचं हेच अवघड असतं, ती दोन्ही दिशांना सारख्याच वेगाने पळते.

धंदा जरा कुठे मार्गी लागतोय तोवर बेळगावच्या नगरपालिकेने जागा सोडायला सांगितलं. गावाची वाढ करायची होती, नवी वस्ती बसवायची होती, आणि कारखाना नेमका त्या जागेत. बाडबिस्तरा उचलून खोली बदलणं वेगळं आणि भट्टी, लेथ, साचे, कामगार घेऊन कारखाना बदलणं वेगळं. नव्या जागेला पैसाही नव्हता.

त्या वेळी लक्ष्मणराव औंध संस्थानात एका सभामंडपाच्या बांधकामात होते. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी १९०९ मध्ये गादीवर आले होते. वयाने लक्ष्मणरावांपेक्षा जेमतेम वर्षभराने मोठे, पदवीधर, आणि स्वतः चांगले चित्रकार. सूर्यनमस्कारांचा प्रचार करणारे म्हणून आपल्याला ते माहीत असतात. एक राजा चित्रं काढणारा, एक कारखानदार रंग दिसत नाहीत म्हणून चित्रं सोडलेला. त्यांच्या गप्पा कशावर होत असतील याची कल्पना करायला मजा येते. बेळगावची अडचण कळल्यावर बाळासाहेबांनी आपल्या हद्दीत कुंडल रोड रेल्वे स्टेशनजवळची ३२ एकर जमीन देऊ केली, आणि कारखाना उभारायला कर्जही दिलं.

हा प्रसंग बऱ्याच ठिकाणी नशिबाचा म्हणून सांगितला जातो. राजाची मर्जी बसली आणि काम झालं! मला तसं वाटत नाही. बाळासाहेब ज्या माणसाला जमीन देत होते त्याचं काम त्यांच्याच गावात, त्यांच्या डोळ्यांसमोर चाललं होतं. हा माणूस माप कसं घेतो, मजुरांशी कसा बोलतो, चुकलं तर पुन्हा करतो की झाकतो, हे सगळं त्यांना रोज दिसत होतं. आजची कुठली बँक एवढी बारकाईने प्रोजेक्ट रिपोर्ट तपासते? आणि लक्ष्मणराव मंडप बांधायला गेले तेव्हा ते कर्ज मागायला गेलेले नव्हते. बेळगावची नोटीस यायची होती.

१० मार्च १९१० हा किर्लोस्करवाडीचा स्थापनादिवस. जागा कशी होती? माळ, निवडुंग आणि साप. रेल्वे जवळ, म्हणजे बीड आणि कोळसा आणायची, नांगर पाठवायची सोय. बाकी काहीही नाही. सावलीला झाडसुद्धा नाही. अशा ठिकाणी बेळगावहून पंचवीस कामगार आपली बायकामुलं घेऊन आले.

मला या पंचवीस घरांचं फार आश्चर्य वाटतं. मालकाचं एक वेळ ठीक आहे, कारखाना त्याचा. पण बेळगावसारखं हवेशीर गाव, आपले शेजारीपाजारी, मुलांच्या शाळा, देवळं, बाजार सोडून निवडुंगात राहायला येणाऱ्या कामगाराला काय मिळणार होतं? काम हवं असतं तर बेळगावातही मिळालं असतं. कुठल्याही कंपनीच्या नेटवर्कची परीक्षा बहुधा अशा वेळी होते. मालकाकडे पैसा नाही, जागा ओसाड, भवितव्य अंधुक, आणि तरी माणसं घरादारासकट मागे येतात. ही ओळख महिन्या-दोन महिन्यांत होत नाही. वर्षानुवर्षं एकाच भट्टीसमोर घाम गाळला की होते.

आलेल्या माणसांची यादी बघितली तर आजचा एखादा एचआरवाला घाबरून जाईल. अनंतराव फळणीकरांनी शाळा अर्ध्यावर सोडलेली, त्यांचा पुढे कल्पक एंजिनिअर झाला. हिशोब बघायला मंगेशराव रेगे, ते कारकुनाचंही काम करायचे आणि मुख्य हिशेबनीसाचंही. शंभोराव जांभेकरांसारखे सहकारी. आणि सगळ्या वसाहतीची आखणी, घरं, रस्ते, पाणी, आल्यागेल्याची सोय हे बघायला रामूअण्णा. ज्या भावाने जे. जे.ची फी भरली होती, सायकली विकल्या होत्या, तेच आता गाव वसवत होते. कॅम्पस इंटरव्ह्यूमध्ये पर्सेंटेज बघून पहिल्या फेरीतच बाहेर काढतात म्हणून आपण चिडतो, त्यांनी फळणीकरांची गोष्ट जरूर वाचावी.

पण सगळ्यात धाडसाची निवड रखवालदारांची. तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग हे दोघे दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा झालेले. दुसऱ्या कुठल्या गावात त्यांना कोणी दारात उभं केलं नसतं. लक्ष्मणरावांनी वसाहतीची राखण त्यांच्यावर सोपवली आणि ते दोघे विश्वासाचे राखणदार झाले. (औंध संस्थानात हा विचार पुढेही दिसतो. १९३९ मध्ये तिथे स्वतंत्रपूरला कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली. शांतारामबापूंचा 'दो आँखें बारह हाथ' हा १९५७ चा सिनेमा तिच्यावरूनच सुचला.) वाडीत अस्पृश्यता पाळायची नाही असा नियम होता. १९१० च्या सुमारास, वेदान्ती घराण्यातल्या माणसाने, नव्या वसवलेल्या गावात हा नियम करणं म्हणजे बऱ्याच नातेवाइकांची आणि सोवळ्यातल्या ओळखीची किंमत मोजणं. नाती जोडताना काही नाती तुटणार, हे त्यांनी धरलेलं असणार.

पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि परदेशातून येणारं लोखंड आटलं. नांगराला मागणी आहे, पण ओतायला बीड नाही. अशा वेळी कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी आपल्या संस्थानातल्या जुन्या, पडून असलेल्या लोखंडी तोफा वितळवून नांगर करायला दिल्या. तोफेचा नांगर! या प्रसंगावर भाषणं पुष्कळ होतात, पण मला त्यातली वेगळीच गोष्ट लक्षात घ्यावीशी वाटते. शाहू महाराज हे ब्राह्मणेतर चळवळीचे आधारस्तंभ. वेदोक्त प्रकरणाची आग त्यांनी सोसलेली. आणि तोफा द्यायच्या कोणाला, तर एका ब्राह्मण कारखानदाराला. दोघांच्या मध्ये जो मुद्दा होता तो शेतकऱ्याच्या हातातल्या अवजाराचा होता. तो मुद्दा खरा आहे याची महाराजांना खात्री नसती तर गडकोटांवरचं लोखंड वाडीला गेलं नसतं.

१९२० साली दोन गोष्टी झाल्या. एक, किर्लोस्कर ब्रदर्स ही पब्लिक लिमिटेड कंपनी झाली, म्हणजे ओळखीपाळखीच्या बाहेरच्या माणसांनाही भागीदार होता आलं. दुसरी, 'किर्लोस्कर खबर' नावाचं एक छोटं पत्रक निघालं. काढणारे लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव, म्हणजे शंवाकि. चित्रकलेचं शिक्षण घेतलेला हा माणूस कारखान्याची जाहिरात आणि विक्री बघायचा. खबर सुरुवातीला होतं कारखान्याच्या गिऱ्हाइकांसाठी आणि एजंटांसाठी. पण ते नुसतं दरपत्रक राहिलं असतं तर खळ्यावर दाणे बांधायला गेलं असतं. शंकररावांनी त्यात वाचण्यासारखं घातलं. वाचणारे वाढत गेले, 'खबर' हा शब्द गळला, 'किर्लोस्कर' मासिक झालं. १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर' निघालं. महाराष्ट्रातल्या घराघरांत ज्यांनी कधी नांगर हातात धरला नाही अशा बायका-मुली किर्लोस्करवाडीचा पत्ता पाठ म्हणू शकत होत्या. धंद्याने आपल्या गिऱ्हाइकाला काहीतरी द्यावं, आणि ते त्याच्या मालाशी संबंधित असलंच पाहिजे असं नाही, हे इतक्या आधी कोणाला सुचलं असेल असं मला वाटलं नव्हतं.

आता एक गोष्ट सांगितली नाही तर हा लेख एकांगी होईल. लक्ष्मणरावांकडे नसलेल्या गोष्टी आपण मोजतो, असलेल्याही मोजायला हव्यात. लिहिता-वाचता येणारं घर, मुंबईला पाठवू शकणारा भाऊ, राजवाड्यात सहज बसता येईल अशी जात आणि भाषा. त्या काळात त्यांच्याइतकाच हुशार एखादा लोहाराचा मुलगा बाळासाहेबांच्या मंडपाच्या कामावर असता तर त्याला ३२ एकर मिळाले असते का? मला खात्री वाटत नाही. ओळखीवर चालणाऱ्या जगाचा हा दोष आहे, ज्याची ओळखच होऊ शकत नाही तो बाहेर राहतो. होस्टेलात आपल्याबरोबर असे कितीतरी जण आहेत ज्यांच्या घरी इंडस्ट्रीतला एकही काका नाही. फळणीकर, तुकाराम, पिऱ्या यांच्यासाठी लक्ष्मणरावांनी दार उघडं ठेवलं म्हणून त्यांची गोष्ट मला सांगावीशी वाटते. नाहीतर राजा आणि कारखानदार यांच्या मैत्रीच्या गोष्टी काय, पुष्कळ आहेत.

आणि दारं उघडी ठेवूनही सगळं सुरक्षित होतं असं नाही. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाली. मारेकरी ब्राह्मण असल्याचं कळताच दक्षिण महाराष्ट्रात ब्राह्मणांच्या घरांवर आणि दुकानांवर जमाव चालून गेले. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यालाही आग लावली गेली. लक्ष्मणराव तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. अडतीस वर्षांपूर्वी निवडुंग तोडून उभं केलेलं, ज्या गावात शिवाशीव नव्हती ते गाव, ज्या शेतकऱ्यांसाठी नांगर केले त्यांच्याच पट्ट्यात जळलं. हे वाचताना मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. याचं उत्तर माझ्याकडे नाही. एका माणसाने आयुष्यभर जोडलेली नाती आणि पूर्ण समाजातली पिढ्यांची तेढ, यांची ताकद सारखी नसते एवढंच दिसतं. कारखाना मात्र पुन्हा उभा राहिला आणि पुन्हा चालू झाला.

तोपर्यंत उद्योगाची सूत्रं पुढच्या पिढीकडे गेली होती. मुलगा शंतनुराव अमेरिकेतल्या एमआयटीमधून १९२६ मध्ये एंजिनिअर होऊन परत आला होता. १९४१ मध्ये म्हैसूर संस्थानातल्या हरिहरला लेथचा कारखाना झाला, १९४६ मध्ये पुण्याला ऑइल एंजिनांचा आणि बंगळूरला विजेच्या मोटरींचा. तो सगळा वेगळ्या लेखाचा विषय आहे आणि शंतनुरावांवर लिहायला आमच्याच वर्गातला एक जण टपून बसला आहे, म्हणून मी त्यात शिरत नाही.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी गेले. १९६९ मध्ये जन्मशताब्दीला भारत सरकारने त्यांचं टपाल तिकीट काढलं. कुंडल रोड स्टेशनचं नाव बदलून किर्लोस्करवाडी झालं, पुणे-मिरज मार्गावर ते लागतं. कारखाना तिथेच आहे आणि अजून पंप बनवतो. ज्यांना सुट्टीत मिरजेकडे जायचं असेल त्यांनी ताकारीच्या पुढे जरा खिडकीशी बसावं.